संपत, काटा अजून हलतो

संपत, काल कॉलेजात तुझी शोकसभा झाली. अशा सभांना आपण दोघं मागच्या बाकावर बसायचो, आणि वक्त्यानं "कधीही भरून न येणारी पोकळी" म्हटलं की तू मला कोपरानं ढोसायचास. पोकळी टिकवायला कसला पंप लागतो हे यांना माहीत नाही, म्हणून ती अशी सढळ हातानं वाटतात, असं तुझं म्हणणं. काल पहिल्याच वक्त्यानं पोकळी काढली. माझं कोपर सवयीनं डावीकडं गेलं आणि भूगोलाच्या सरांच्या बरगडीत बसलं. ते दचकले. मी माफी मागितली आणि मग बराच वेळ वर बघता आलं नाही.

मी तुझ्यावर चिडलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. गेलास त्याचं दुःख आहेच, ते काय लपतंय? पण वाद अर्धा टाकून उठायची तुझी रीत नव्हती. कॅन्टीनवाला खुर्च्या उलट्या करून टेबलावर ठेवायला लागला तरी तू उठायचा नाहीस. आणि या वेळी मुद्दा माझ्याकडं असताना निघून गेलास.

आपली गाठ घालून दिली ती एका दारानं. तुझी भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा आणि माझी रसायनाची, मधे एक दार, आणि त्या दाराची कडी कॉलेज बांधल्यापासून बसत नव्हती. तू साताऱ्याकडचा, कोरेगावच्या अलीकडच्या गावचा, बाप पलटणीतून हवालदार होऊन आलेला, घरात ऊस. मी माधवनगरचा, अब्बा गिरणीत रंगखात्याला. तू पहिल्याच दिवशी दारातून मुंडकं घालून विचारलंस, "मुल्लासर, तुमच्याकडं ॲसिड हाय, माज्याकडं भडंग हाय. कसं करायचं?" दुपारपर्यंत सर गेलं, संध्याकाळी "इस्माईल गड्या" झालं.

आणि मग आलं ते रॉकेलच्या रांगांचं वर्ष. वहिनी डबा घेऊन सकाळपासून उभ्या राहायच्या आणि रिकामा डबा घेऊन परत यायच्या. त्याच दिवसांत लायब्ररीत एक जुना परदेशी अंक तुझ्या हाती लागला. कुणीतरी पाण्यात एका धातूच्या ऑक्साईडची पट्टी बुडवली होती, तारेनं ती प्लॅटिनमला जोडली होती, पट्टीवर उजेड सोडला होता, आणि पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन भाग झाले होते. जळण, आणि तेही पाण्यातून, उन्हाच्या जोरावर. तू अंक घेऊन धावत आलास. माझ्या टेबलावर टायट्रेशन चाललं होतं, ते वाया गेलं. "इस्माईल, ऊन आपल्याकडं फुकटचं हाय, पाणी कृष्णेत हाय. आनि रांगंत आपल्या बायका उभ्या!" एवढंच म्हणालास. तुझे डोळे तसे मी परत कधी पाहिले नाहीत.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. परदेशातलं ऑक्साईड होतं टायटेनियमचं, पांढरंशुभ्र. मी त्याच्या बाजूचा. ते सोड्यात टिकतं, ॲसिडात टिकतं, कशानं झिजत नाही. तू म्हणायचास, "पांढरं म्हंजी काय? आलेला उजेड परत धाडतंय ते. उन्हातला तो न दिसनारा जांभळ्याच्या पल्याडचा भाग तेवढा खातंय. सूर्य ताटभर वाढतोय आनि तुजं पांढरं नुसती चटणी चाखून उठतंय." तुझा जीव गंजावर. लोखंडाचं ऑक्साईड, तांबडं, फुकट, बराचसा दिसणारा उजेड खाणारं. महाबळेश्वरच्या सहलीत पोरं घोड्यांवर बसत होती आणि तू रस्त्याकडेची तांबडी माती रुमालात बांधत होतास. "निसर्गानं गंजाचे डोंगर करून ठेवल्यात, आनि तू टायटेनियम मागवायला निगालास!"

माझं उत्तर तयार असायचं. गंज उजेड खातो हे खरं, पण पचवत नाही. उजेडानं जो विद्युतभार सुटतो तो पृष्ठभागाला, म्हणजे पाण्याला, भिडायच्या आतच गंजात हरवतो. शिवाय तुझ्या तांबड्याला मदतीला टॉर्चचा एक सेल जोडावा लागतो, त्याशिवाय ते हलतच नाही. "कुबडी लावून पळतंय तुझं," असं मी म्हटलं की तू लाल व्हायचास. मग मी म्हणायचो, बघ, आता तूही तांबडा झालास.

प्लॅटिनमची तार आपल्याला मिळाली विट्याच्या एका गलईवाल्याकडून. सोनं गाळायच्या दुकानात परमुलखात आयुष्य काढलेला माणूस, सुट्टीत गावी आला होता. तू त्याला पाणी, ऊन, हायड्रोजन सगळं समजावून सांगितलंस. त्यानं शांतपणे ऐकलं, बोटभर तार काढून दिली आणि म्हणाला, "जमलं तर कळवा. न जमलं तर तार परत." तार माझ्याकडं आहे. परत करायची वेळ आलेली नाही, हे तू जिथं आहेस तिथून ऐकून घे.

आता त्या गच्चीवरच्या दिवसाबद्दल बोलतो, कारण कालचा सगळा घोळ तिथूनच आला.

कॉलेजचं विज्ञान प्रदर्शन. तू लोखंडाची पट्टी बर्नरवर भाजून तांबडी केली होतीस. तुला एकच भीती होती: लोक म्हणतील, हे उजेडानं होत नाही, उन्हाच्या तापानं होतंय. म्हणून तू एक युक्ती काढलीस. सोडा घातलेल्या पाण्याची बाटली तू कुंभारवाड्यातून आणलेल्या नव्या माठात गळ्यापर्यंत बुडवलीस, माठाला ओलं फडकं गुंडाळलंस आणि बाटली रातभर तशीच ठेवलीस. सकाळी पाणी असं गार की हाताला कळ लागावी. तेच पाणी काचेच्या भांड्यात ओतून, पट्टी आणि तार सोडून, भर उन्हात मांडलंस. गच्ची भरली होती. तुझे वडील, तात्या, गावाहून आले होते, फेटा बांधून, छातीवर मेडलं लावून. आणि थोड्या वेळानं पट्टीवर बुडबुडे धरू लागले. बारीक, चमकणारे, एकामागून एक. टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी तुला हार घातला. फोटोवाल्यानं फोटो काढला. तात्या शेजारच्याला सांगत होते, "आमच्या पोरानं पान्यातनं ग्यास काडला."

मला ते बुडबुडे पटले नाहीत. पट्टी सेलला जोडली होती, वीज मोजणाऱ्या गॅल्व्हानोमीटरचा काटा जेमतेम हलत होता, आणि एवढ्याशा विजेला एवढे बुडबुडे? मी दुसऱ्या दिवशी तुझ्याच बाटलीतलं उरलेलं गार पाणी एका ग्लासात घेतलं. त्यात ना पट्टी, ना तार, ना सेल. नुसता विटेचा एक तुकडा टाकला आणि ग्लास उन्हात ठेवला. विटेवर तसेच बुडबुडे धरले, तेवढेच चमकणारे. गार पाण्यात हवा जास्त मुरते, पाणी तापलं की ती बाहेर पडते आणि खरबरीत जागा बघून बसते. तू ताप टाळायला माठ आणलास आणि माठानंच तुला फसवलं. अशी चूक करायला माणूस काळजी घेणारा लागतो. आळशी माणसानं नळाचं कोमट पाणी घेतलं असतं आणि तो वाचला असता.

तू त्या विटेकडं बघत उभा राहिलास. मग म्हणालास, "ईट बी पानी फोडती म्हन की आता." आणि दार आपटून गेलास. कडी नसलेलं दार, ते परत उघडलं. काही दिवस आपण त्या दारातून एकमेकांना दिसत राहिलो आणि बोललो नाही. भडंग तू एकटाच खाल्लंस. मला तेव्हा वाटलं होतं, संपली दोस्ती. पण वीट काही मी फेकली नाही. ती दोन्ही प्रयोगशाळांमधल्या उंबऱ्यावर ठेवली, दार उघडं राहावं म्हणून.

आणि मग तू ते केलंस, ज्यासाठी मी तुला आयुष्यभर सलाम करीन. तू फळ्यावर नोटीस लावलीस: मागच्या प्रयोगात चूक होती, ती दाखवणार आहे, सर्वांनी यावं. सर्वांनी कुठलं येतंय! टाळ्या वाजवायला गच्ची भरते, चूक बघायला कोण येतं. प्राचार्य पुण्याला गेले होते. चार प्राध्यापक, पाच-दहा पोरं, आणि तात्या. तात्यांना तू स्वतः निरोप धाडून बोलावून घेतलंस. मी तुला म्हणालो होतो, "अरे, तात्यांना कशापायी? त्यांना राहू दे की त्या आनंदात." तू म्हणालास, "त्यांनीच गावभर सांगितलंय. मग त्यांनाच खरं कळाय नगं?"

तू सगळ्यांसमोर विटेचा ग्लास ठेवलास आणि सांगितलंस, ही हवा आहे, मी हिलाच पाण्यातून फुटलेला गॅस समजलो. तात्यांचा चेहरा उतरला. "मंग तू केलंस काय म्हनायचं?" त्यांनी विचारलं. मग तू या वेळी उकळून हवा काढलेलं पाणी भांड्यात ओतलंस, पट्टी आणि तार सोडलीस, सेल जोडलास, आणि गॅल्व्हानोमीटर त्यांच्यापुढं सरकवलास. "तात्या, ह्यो काटा बगा. आता उन्हाच्या आड हात धरा."

तात्यांनी हात धरला. पट्टीवर सावली पडली आणि काटा खाली आला. हात काढला, काटा वर गेला. परत धरला, परत खाली. तात्या खेळ सापडल्यासारखे करतच राहिले. मग म्हणाले, "लय बारकं हाय की रं ह्ये."

"बारकं हाय," तू म्हणालास, "पन खरं हाय."

त्या संध्याकाळी तू भडंगाचा पुडा उंबऱ्यावरच्या विटेवर ठेवलास. माफी वगैरे काही नाही, तुझ्यात ती पद्धतच नव्हती. "हरवतोय म्हनतोस न्हवं भार गंजात? मग थरच इतका पातळ करू, कण इतकं बारीक करू, की हरवायला जागाच ऱ्हानार न्हाई." मी म्हणालो, बर्नरवर भाजून असा थर येत नाही. तू म्हणालास, भाजायचं नाही, फवारायचं. आणि तू मिरजेच्या एका घशाच्या डॉक्टरकडून औषध फवारायची काचेची नळी आणलीस, रबरी फुग्याची. वहिनींच्या स्टोव्हवर लोखंडी तवा, तव्यावर काच, काचेवर आधी वीज वाहून नेणारा कथिलाच्या ऑक्साईडचा थर आणि त्यावर लोखंडाच्या क्षाराचं पाणी, फुस्स फुस्स, तापल्या काचेवर पडलं की त्याचा गंज. वहिनी म्हणायच्या, "रॉकेल वाचवायला निघालेत आणि माझंच रॉकेल जाळतायत." काचा तडकायच्या. तडकली की तू म्हणायचास, "फुडची."

पुढची, पुढची करत हा पावसाळा आला. शेवटची काच तडकली नाही. तू ती वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिलीस. उजेडाकडं धरली तर पलीकडची खिडकी दिसत होती, किंचित तांबूस, पाण्यात केशराची काडी पडावी एवढीच. मी म्हणालो, "हा थर आहे का थराची आठवण?" तू म्हणालास, "ऊन पडू दे. मग बोल." पण आभाळ हटेना. आणि ऊन पडायच्या आधी तू दवाखान्यात गेलास. शेवटच्या भेटीतही तू तब्येतीचं बोलला नाहीस. खिडकीकडं बघून विचारलंस, "पडलं का रं?" मी नाही म्हणालो. नाहीच पडलं होतं.

तर काल. प्राचार्य बोलायला उठले. भला माणूस, तुझ्यावर खरा जीव. त्यांनी टेबलावरचं कापड बाजूला केलं, खाली मोठ्या फ्रेममधला तोच फोटो. गळ्यात हार, समोर भांडं, भांड्यात बुडबुडे. खाली सुबक अक्षरात लिहिलेलं की सूर्यप्रकाशानं पाण्यातून गॅस काढून दाखवणारे आमचे प्राध्यापक. हा फोटो प्रयोगशाळेत कायमचा लावू, असं ते म्हणाले. लोकांचे डोळे पाणावले. वहिनी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. तात्या शेजारी ताठ बसलेले, मेडलं न लावता.

तुझ्या नावानं भिंतीवर काय लटकणार हे त्या घडीला ठरत होतं. गप्प बसलो असतो तर कुणाचं काही बिघडलं नसतं. सगळ्यांना बरं वाटलं असतं. पण जी गोष्ट तू जिवंतपणी स्वतःच्या हातानं गळ्यातून काढून टाकलीस, ती मेल्यावर तुझ्या गळ्यात घालायची? आणि मीच हे म्हणायचं, तुझ्या बापासमोर, रक्षाविसर्जनाची माती अजून त्यांच्या पायाला असताना? मी उठलो. प्राचार्य हळूच म्हणाले, "मुल्ला, आज नको." मी म्हणालो, "सर, आजच."

मी सांगितलं. ते बुडबुडे हवेचे होते. ही चूक संपतनं शोधली नव्हती, पण त्यानंच ती कबूल करून, बोलावून, सगळ्यांसमोर दाखवली होती. हा फोटो त्याच्या चुकीचा आहे, आणि संपत त्या चुकीपेक्षा मोठा होता. मागून कुणीतरी म्हणालं, "काय माणूस आहे हा!" मला तात्यांकडं बघायचं धाडस होईना.

तात्याच उठले. फ्रेमजवळ गेले, तुझ्या चेहऱ्यावर नुसता तळवा ठेवला, आणि कापड परत ओढलं. "फोटू मी घरला नेतो," ते म्हणाले. "माजा पोरगा हाय त्यो. पन हितं ह्ये लावू नगा. इस्माईल, त्यो काटा कुठाय रं?"

सभा तशीच उठून गच्चीवर आली, संपत. वहिनी, प्राचार्य, भूगोलाचे सर, सगळे. कालचं ऊन म्हणशील तर पावसाळ्यानंतरचं, धुतलेलं, डोळे दिपवणारं. मी पाणी उकळलं. आधी तुझी जुनी भाजलेली पट्टी काढली. मग मनात आलं, नाही. कपाटातून वर्तमानपत्राची पुडी आणली. ही काच कुणीच कधी लावून पाहिली नव्हती. तिच्यात काही नसलं तर एवढ्या लोकांपुढं, तुझ्या माणसांपुढं, मी एकाच दिवसात दुसऱ्यांदा तुला उघडा पाडणार होतो. आणि जोडायला गेलो तर सेल मेलेला. तात्यांनी पिशवीतून टॉर्च काढला, मागचं झाकण फिरवलं आणि सेल माझ्या हातावर ठेवला.

जोडलं. तात्यांनी न सांगता पुढं येऊन उन्हाच्या आड हात धरला होता. काटा जवळजवळ शून्यावर.

"काडू?" त्यांनी विचारलं.

"काढा."

काटा उठला, आणि जुन्या पट्टीनं कधी दाखवलं नव्हतं तिथवर गेला. त्याच्याही पुढं सरकला आणि थांबला. मी चूक धरायला सोकावलेला माणूस. तारा तपासल्या, पाणी पुन्हा उकळून घेतलं, जुनी पट्टी लावून पाहिली, परत काच लावली. तात्या न कंटाळता हात धरत होते, काढत होते. दर वेळी तेच. संपत, थर पातळ केला की हरवत नाही. निदान कमी हरवतं. तुझं म्हणणं बरोबर होतं, आणि तुला ते कळवायला माझ्याकडं हा कागद सोडून काही नाही, याचा मला इतका राग येतो की काय सांगू.

वहिनी पुढं आल्या. त्यांनीही एकदा हात धरला, एकदा काढला. "माझं रॉकेल," एवढंच म्हणाल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या.

उन्हं कलली तसे लोक पांगले. तात्यांना साताऱ्याची एस्टी गाठायची होती. फ्रेम काखेत घेतली. मी सेल सोडवायला लागलो तर त्यांनी माझा हात अडवला. "ऱ्हाऊ दे त्यो. टारच मला घरापातूर नगं, वाट माजी हाय." मग जिन्याशी थांबले. "आता ह्ये फुडं कोन करनार?"

"मी," म्हणालो.

तात्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. आपलं भांडण त्यांना तू घरी सांगत असणार, नाहीतर त्यांना हे विचारायचं सुचलं नसतं. "पांढरं का तांबडं?"

एवढ्या वर्षांत तुझ्या तोंडावर कधी म्हणालो नाही, ते मी तुझ्या बापाला म्हणालो.

"तांबडं, तात्या."